कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात: कोकणातील जुन्या घरात डेस्कटॉप कसा बसवावा?

माहेरवाशीण_ठाणे

नमस्कार. माझे वडील निवृत्त शिक्षक असून रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावच्या घरी राहतात. त्यांचे वय ६८ आहे. घराण्याचे जुने कागद आणि गावच्या शाळेच्या नोंदी टंकित करून ठेवण्याची त्यांची फार दिवसांची इच्छा होती, म्हणून गणपतीच्या सुट्टीत मी ठाण्याहून एक वापरलेला डेस्कटॉप, १९ इंची मॉनिटर, यूपीएस आणि लेझर प्रिंटर नेऊन माजघरात मांडून दिला. घर जांभ्याचे आहे, वायरिंग निदान चाळीस वर्षांपूर्वीचे आहे आणि तारा अजूनही लाकडी पट्ट्यांवरून फिरवलेल्या आहेत.

अडचण अशी की, अनवाणी पायाने शेणाच्या जमिनीवर उभे राहून कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला बोट लावले की बारीक झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर तो मंद पेटतो. प्लग काढून उलटसुलट करता येत नाही, कारण तो तीन पिनांचा आहे. सॉकेटलाही तीन भोके आहेत. गावातील एका ओळखीच्या मुलाने सांगितले की संगणक जुना असल्याने आतून ‘लीक’ होत असेल, तो बदलून घ्या. हाच संगणक ठाण्याच्या घरी सहा महिने वापरताना असे एकदाही झाले नव्हते.

संगणक खरोखर बदलावा लागेल का, आणि तोवर वडिलांनी तो वापरावा की नाही, हे कृपया सांगावे. एकूण मांडणीत आणखी कशाची काळजी घ्यायला हवी, हेही अनुभवी मंडळींनी लिहावे.

---

पेणचा_पाहुणा

आमच्याकडे हाच प्रकार होता. वायरमनने सॉकेट उघडून न्यूट्रलच्या (वीज परत नेणाऱ्या तारेच्या) टोकापासून वरच्या मोठ्या, म्हणजे अर्थच्या (जमिनीशी जोडणाऱ्या तारेच्या) भोकाच्या टोकापर्यंत तारेचा एक तुकडा जोडून दिला आणि पाच मिनिटांत झिणझिण्या बंद झाल्या. खर्च शून्य. काकांना पायाखाली लाकडी पाट आणि रबरी चप्पल दिली तरी काम भागेल.

---

जुना_वायरमन

वरचा सल्ला कृपया अमलात आणू नये. मी कठोर शब्द वापरणार नाही, कारण हा उपाय करणारे वायरमन मी उभ्या आयुष्यात डझनांनी पाहिले आहेत आणि झिणझिण्या त्याने खरोखरच थांबतात. परंतु त्या तुकड्यामुळे घरात काय निर्माण होते ते समजून घ्यावे.

जुन्या घरांत मेनस्विचपाशी फेज (वीज आणणारी जिवंत तार) आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांवर चिनीमातीचे फ्यूज बसवलेले असत. समजा न्यूट्रलवरचा फ्यूज उडाला, किंवा खांबावरून येणारी न्यूट्रलची तार गंजून तुटली. घरातील दिवे विझतात आणि माणूस समजतो की वीज गेली. प्रत्यक्षात फेज जिवंतच असते, आणि बटण चालू राहिलेल्या कोणत्याही बल्बमधून किंवा पंख्यामधून ती न्यूट्रलच्या तारेत येऊन थांबते, कारण पुढे वाट नसते. त्या तारेला आपण सॉकेटमध्ये अर्थची पिन जोडून ठेवली असेल, तर संगणकाच्या पत्र्यावर त्या क्षणी पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतात. वीज गेली म्हणून बंद संगणकाची तार चाचपायला हात मागे घालणाऱ्या माणसाचे काय होईल, ते वेगळे लिहायला नको. ज्या घरात कधीकाळी फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली आहे, तिथे तर काही तुटण्याचीही गरज नाही. तुकडा जोडताक्षणी पत्रा जिवंत होतो. पाहुण्यांनी रागावू नये, पण आपल्या घरातील तो तुकडा आपण आजच परवानाधारक माणसाकडून काढून घ्यावा.

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. आपला संगणक बहुधा ठणठणीत आहे. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज घेणाऱ्या मागच्या डब्यात, तारेतील विजेचा गोंगाट (नको असलेली कंपने) गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात. एक फेजपासून पत्र्याकडे आणि दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याकडे जोडलेला असतो. त्यांच्यातून अगदी थोडा प्रवाह पत्र्यावर येतो आणि अर्थच्या तारेने जमिनीत निघून जातो, हे त्यांचे ठरलेले काम आहे. अर्थच नसेल तर पत्रा दोहोंच्या मधोमध तरंगत राहतो आणि त्यावर सुमारे ११५ व्होल्ट दिसतात. टेस्टर मंद पेटतो तो त्यामुळेच. प्रवाह एक मिलिअँपिअरच्या आतबाहेर असल्याने माणसाला फक्त झिणझिण्या जाणवतात. ठाण्याच्या इमारतीत अर्थिंग होते, गावच्या घरात ते नाही, एवढाच फरक आहे. सॉकेटला तिसरे भोक असणे आणि त्यामागे तार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग झिणझिण्याच तर आहेत, असे म्हणून चालू द्यावे का? नाही. संगणक, मॉनिटर आणि प्रिंटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असतील, तर त्यांचे पत्रे बोर्डातील अर्थच्या पट्टीने एकमेकांना जोडलेले असतात. तिघांचा गळणारा प्रवाह एकत्र होतो, आणि उद्या त्यांपैकी एकाच्या आत फेजची तार पत्र्याला टेकली तर तिन्ही पत्रे एकदम जिवंत होतात. जमिनीकडे जाणारी वाट नसल्याने फ्यूजही उडत नाही. ती वाट मग माणूस होतो. पाट आणि चप्पल यांनी पाय वाचतात. पण एक हात पत्र्यावर आणि दुसरा ओल्या भिंतीवर असेल, तर पाटाचा काही उपयोग नाही.

वडिलांनी अर्थिंग होईपर्यंत संगणक लावूच नये, असे माझे मत आहे. आठ दिवसांचा प्रश्न आहे. कागद चाळीस वर्षे थांबले आहेत, आणखी आठ दिवस थांबतील.

वायरमन आल्यावर त्याला मल्टिमीटरने सॉकेटमध्ये तीन मापे घ्यायला सांगावे: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन २३०च्या आसपास आणि तिसरे एकदोन व्होल्टच्या आत असावे. मात्र मल्टिमीटरवर पूर्ण विश्वास ठेवू नये. तो इतका कमी प्रवाह ओढतो की गंजलेल्या, केसाएवढ्या जोडावरही २३० दाखवतो. म्हणून आम्ही जुनी माणसे फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा बल्ब लावून पाहतो. बल्ब लख्ख पेटला तर अर्थ खरे. पिवळट पेटला तर जोड किंवा अर्थचा खड्डा नादुरुस्त. ही चाचणी घरच्या माणसाने करू नये, कारण अर्थ नादुरुस्त असेल तर बल्ब पेटलेला असेपर्यंत घरातील अर्थच्या सर्व तारा जिवंत होतात. वायरमनने ती करताना कोणी फ्रिजला किंवा पंपाला हात लावू नये.

---

दुरुस्तीचे_दुकान

वायरमनसाहेबांच्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे. माझे संगणक-दुरुस्तीचे दुकान चिपळूण परिसरात असून पावसाळ्यात दुकानात येणाऱ्या मशिनांपैकी पुष्कळशी खरे तर घरातील वायरिंगने आजारी पडलेली असतात. विजेच्या जोडणीविषयी त्यांनी लिहिलेच आहे. मी मशिनापुरते लिहितो.

वापरलेला संगणक असल्याने सर्वप्रथम एसएमपीएसच्या मागे, प्लगच्या खोबणीशेजारी, एखादे छोटे लाल सरकते बटण आहे का ते पाहावे. जुन्या एसएमपीएसना ते असते आणि त्यावर ११५ व २३० असे आकडे असतात. ते २३० वरच असले पाहिजे. पुसताना कोणाच्या नखाने ते ११५ कडे सरकले आणि आपल्या वीजपुरवठ्यावर मशीन चालू केले, तर फटाक्यासारखा आवाज होऊन एसएमपीएस जागीच संपतो. माझ्याकडे अशी दोन प्रकरणे आली होती आणि दोन्ही घरांत दोष व्होल्टेजला दिला गेला होता.

एसएमपीएसचा डबा मात्र काहीही झाले तरी घरी उघडू नये. त्याच्या आतील मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी दाब असतो, आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. कॅबिनेटची बाजूची झडप उघडून धूळ झाडायला हरकत नाही, पण त्यासाठी संगणक मेनूमधून बंद करावा, यूपीएस त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा आणि मग तार काढावी. भिंतीवरचे बटण बंद केले म्हणजे वीज गेली असा समज यूपीएस असलेल्या घरात चुकीचा ठरतो, कारण आतल्या बॅटरीवर तो २३० व्होल्ट देतच राहतो.

यूपीएस नीट चालतो का हे पाहण्यासाठी बरेच लोक भिंतीतून त्याचा प्लगच उपसतात. तसे करू नये. प्लगबरोबर अर्थही सुटते आणि मशीन बॅटरीवर, बिनअर्थचे चालू राहते. भिंतीवरचे बटण बंद करून पाहावे. आपल्याकडच्या बटणाने फक्त फेज तुटते, अर्थ जोडलेलीच राहते.

आपला यूपीएस बहुधा ६०० व्हीएचा असेल. म्हणजे साधारण ३६० वॅट. साधा संगणक आणि मॉनिटर मिळून त्याच्या निम्म्यातही भागते. लेझर प्रिंटर मात्र त्यावर कदापि लावू नये, कारण त्यातील रूळ तापताना तो काही क्षण ८०० ते १००० वॅट ओढतो. प्रिंटरला भिंतीवरचे वेगळे सॉकेट द्यावे. आतील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी दोनतीन वर्षांत थकते. फुगलेली किंवा वास मारणारी बॅटरी तशीच वापरत राहू नये. यूपीएसला ‘तासभर काम करण्याचे साधन’ मानणारे ग्राहक मला दर आठवड्याला भेटतात. ती दहापंधरा मिनिटे काम जतन करून मशीन व्यवस्थित बंद करण्यासाठी आहेत.

आता कोकणापुरते. खिडकीतून झड येते त्या भिंतीला टेबल लावू नये, आणि कॅबिनेट जमिनीवर न ठेवता चारसहा इंच उंच स्टुलावर ठेवावा. त्याची पाठ आणि भिंत यांत वीतभर अंतर असावे. मागच्या बाजूला कार्डांच्या रिकाम्या खाचा उघड्या असतील तर त्यांना पत्र्याच्या पट्ट्या लावून घ्याव्यात. त्यातून पाल आत जाते आणि उबेला एसएमपीएसजवळ बसते. पुढचे वर्णन मी टाळतो. आषाढात मशीन कापडाखाली झाकून महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा रोज अर्धा तास चालू ठेवलेले बरे, आतली उष्णता दमटपणा धरू देत नाही. चालू असताना मात्र वर कापड असता कामा नये.

मे महिन्याच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा बटण बंद करून थांबू नये, प्लगच बाहेर काढावा. बटणाच्या आतील काही मिलिमीटरची फट आकाशातील विजेला अडवू शकत नाही. इंटरनेटचा राउटर असेल तर त्याचा अडॅप्टर आणि संगणकाला जाणारी लॅनची तार, दोन्ही सोडवावीत. फायबरची काच वीज वाहून नेत नाही हे खरे, पण बाहेरून येणाऱ्या त्या केबलला ताण सोसण्यासाठी पुष्कळदा पोलादी तार जोडलेली असते. हे सगळे ढग दूर असतानाच करावे. डोक्यावर गडगडाट सुरू झाल्यावर तारांना हात घालू नये.

---

अक्षरजुळणी

मी पुण्यात पंचवीस वर्षे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणीचे, काम करते. विजेतले मला काही कळत नाही, पण ६८ वर्षांचे गृहस्थ रोज जुने कागद पाहून टंकन करणार आहेत, हे वाचून राहवले नाही.

वडिलांचा चष्मा दुहेरी भिंगांचा किंवा प्रोग्रेसिव्ह असेल, तर एक गोष्ट आवर्जून करावी. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर ठेवा असे सगळीकडे लिहिलेले असते आणि ते साध्या चष्म्याच्या माणसाला लागू आहे. जवळचे दिसणारे भिंग चष्म्याच्या खालच्या भागात असते, त्यामुळे असा चष्मा घालणारा माणूस त्या उंचीच्या पडद्याकडे पाहताना हनुवटी वर करून बसतो आणि महिन्याभरात मान धरते. त्यांचा पडदा चारपाच बोटे खाली घ्यावा आणि किंचित मागे कलवावा. डोळ्यांचे डॉक्टर केवळ संगणकाच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून देतात. माझा तसाच आहे, आणि तो दहा वर्षांपूर्वी करून घ्यायला हवा होता असे मला वाटते. अंतर मोजायला फूटपट्टी नको, ताठ बसून हात लांब केला की बोटांची टोके पडद्याला टेकावीत.

दुसरे म्हणजे कागद टेबलावर आडवे ठेवून टंकन करू देऊ नये. प्रत्येक ओळीला मान खाली आणि वर, असे दिवसात हजारदा होते. पडद्याला लागून, त्याच उंचीवर, कागद उभा राहील असा एक आधार करावा. पोथी ठेवायची घडवंची घरात असेल तर तीही चालते, फक्त खाली दोन जाड पुस्तके द्यावीत. जेवणाच्या खुर्चीवर बसत असतील तर कोपर काटकोनात येईपर्यंत गादी द्यावी आणि पाय लोंबकळू लागले की पायाखाली पाट. (पाटाचा खरा उपयोग हा. वरच्या चर्चेतला नव्हे.)

माजघरात उजेड कमी असतो, म्हणून लोक खिडकीसमोर टेबल मांडतात आणि पडद्यामागचा लख्ख उजेड डोळ्यांत घेत बसतात. खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला असावी. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे असे सांगतात. आपल्या घरी मागील दारी पोफळी असतील तर त्यांचे शेंडे मोजायला सांगा, आकडे लक्षात ठेवण्यापेक्षा ते सोपे जाते.

---

माहेरवाशीण_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांनी संगणक त्याच दिवशी बंद केला. तालुक्याच्या गावाहून परवानाधारक वायरमन येऊन गेले. सॉकेटची मापे अशी आली: फेज ते न्यूट्रल २२६, फेज ते अर्थ ९०च्या आसपास आणि तेही हलते, न्यूट्रल ते अर्थ ७०. बोर्ड उघडल्यावर तिसऱ्या टोकाला तारच नव्हती. मेनस्विचपाशी अर्थची एक तार होती, ती भिंतीतून बाहेर जाऊन विहिरीच्या जुन्या लोखंडी नळाला बांधलेली होती. तो नळ काढून आठ वर्षांपूर्वी आम्ही प्लॅस्टिकचे पाइप टाकले, तेव्हापासून ती तार नुसतीच लोंबत होती.

ते म्हणतात की जांभा आहे, खोल खणता येणार नाही, आणि खड्डा केला तरी उन्हाळ्यात कोरडा पडेल. मग उपाय काय? एसएमपीएसचे लाल बटण तपासले, ते २३० वरच आहे.

---

जुना_वायरमन

बिनतारेच्या टोकावर मल्टिमीटर असेच हलते, अर्धवट आकडे दाखवतो. त्यांना काही अर्थ नाही. नळाला बांधलेली तार ही कोकणातील निम्म्या घरांची कथा आहे.

वायरमनचे म्हणणे खरे आहे. जांभ्यातून पाणी झिरपून जाते आणि वैशाखात तो विजेला फारसा वाहून नेत नाही. म्हणून जागा निवडताना न्हाणीचे सांडपाणी जिथे सोडलेले असते, ज्या आळ्यात केळी किंवा अळू लावलेले असते, त्याच्या शेजारची ओली माती शोधावी. साधारण अडीच मीटर लांबीचा, दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, वर पाणी ओतण्यासाठी नरसाळे, ही जुनी पद्धत अजूनही चांगली आहे. खडक लागून तेवढे खोल जाता येत नसेल, तर जीआयची पट्टी चरातून आडवी लांबवर पुरतात. मार्च ते मे दर आठवड्याला बादलीभर पाणी घालावे. खड्ड्यापासून घरापर्यंतची तार अखंड असावी, मध्ये पीळ मारून जोड देऊ नये.

एवढे करूनही जांभ्यात अर्थचा रोध वीसेक ओहम राहिला, तर आश्चर्य मानू नये, आणि इथेच खरा मुद्दा येतो. फेज पत्र्याला टेकल्यावर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर प्रवाह वाहील. ६ अँपिअरचा साधा एमसीबी (फ्यूजच्या जागी बसवलेले, जास्त प्रवाहाला आपोआप पडणारे बटण) एवढ्याने झटक्यात पडत नाही, त्याला बराच वेळ लागतो. रोध पन्नास ओहम असेल तर तो पडणारच नाही. म्हणून मेनस्विचनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलाच पाहिजे. काही जण त्याला अजूनही ईएलसीबी म्हणतात. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच तो सेकंदाच्या अंशात वीज तोडतो, मग अर्थ थोडे कमजोर असले तरी माणूस वाचतो. तो बसवला की अर्थ तपासायला बल्ब लावता येणार नाही, लावताच आरसीसीबी पडेल. वायरमनने अर्थ टेस्टर आणावा.

न्यूट्रलवरचा फ्यूजही याच वेळी काढून टाकावा, तिथे थेट जोड असावा.

---

माहेरवाशीण_ठाणे

काम झाले. पाइप केळीच्या आळ्याशेजारी पुरला, माजघरातील बोर्डापर्यंत हिरवी तार आणली, आरसीसीबी बसवला. आता कॅबिनेटवर टेस्टर अजिबात पेटत नाही आणि झिणझिण्या पूर्ण थांबल्या. न्यूट्रल ते अर्थ दीड व्होल्ट येते. पडदा चार बोटे खाली घेतला, आणि आजोबांची पोथीची घडवंची कागदांसाठी कामी आली.

फक्त एक नवीनच अडचण उद्भवली आहे. विहिरीवरचा पंप सुरू केला की आरसीसीबी लगेच पडतो आणि संगणकासकट सगळे घर बंद होते. वडील म्हणतात, हा नवा डबा सदोष दिसतो, तो काढून टाकूया.

---

जुना_वायरमन

काढू नये. पंप लावू नये आणि त्याला कोणी हातही लावू नये, असे त्यांना आत्ताच फोन करून सांगावे. पंपाचा प्लग काढून, मग त्याचे बटण दाबून आरसीसीबी टिकतो का ते पाहावे. टिकला, तर बहुधा पंपाच्या गुंडाळीतील किंवा त्याच्या जमिनीलगतच्या केबलमधील वीज पत्र्यावर येत आहे, आणि ती आजची नसावी. तोडणारे काही नसल्याने इतकी वर्षे कळली नाही. प्लग काढूनही पडत असेल, तर दोष पंपात नसून त्याच्या सॉकेटपर्यंतच्या वायरिंगमध्ये आहे, तो वायरमनने शोधावा. केबल बदलण्याआधी मेगरने (तारेचे आवरण शाबूत आहे का ते पाहणाऱ्या यंत्राने) तपासून घ्यावे, कारण पुष्कळदा पंप चांगला असतो आणि दगडाखाली चेपलेली केबलच गेलेली असते.

तोवर विहिरीवर रहाट असेल तर पाणी शेंदावे. संगणक चालू ठेवायला आता हरकत नाही. आरसीसीबीवरचे ‘टी’ लिहिलेले बटण मात्र महिन्यातून एकदा दाबून पाहायला वडिलांना सांगावे, संगणक बंद असताना.